शो जंपिंगचा घोडा: आधी कॅन्टर बघा, उडी शेवटी

शो जंपिंगच्या फेरीत साधारण दहा ते तेरा अडथळे असतात. त्यांवरून उडताना घोडा हवेत असतो तो वेळ सगळा मिळून दहा-एक सेकंदांचा. उरलेला सगळा वेळ तो कॅन्टरमध्ये, म्हणजे तीन ठोक्यांच्या मध्यम दौडीत असतो. वळतो, पावलं आखडतो, लांबवतो, पुढच्या अडथळ्याचं अंतर जोखतो. तरीही घोडा बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एखाद्या ऑक्सरवरची (मागेपुढे दोन दांड्यांच्या रुंद अडथळ्यावरची) उंच झेप बघून भुलतो आणि तिथेच मनात सौदा ठरवून टाकतो. पुढे सहा महिन्यांनी तोच घोडा वळणावर हातात येत नाही, दुहेरी अडथळ्यात (लागोपाठच्या दोन उड्यांत) घाई करतो, नाहीतर तिसऱ्या उडीलाच अडून उभा राहतो. त्याची उडी खोटी नव्हती. घेणाऱ्याने बघण्याचा क्रम चुकवला होता. आधी कॅन्टर, मग स्वभाव, मग पाय, आणि सगळ्यांत शेवटी उडी, असा क्रम ठेवा.

आधी स्वाराचा हिशेब

घोडा शोधायला निघण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा. स्पर्धेत आज तुम्ही कोणत्या उंचीची फेरी सातत्याने निर्दोष पूर्ण करता? (घरच्या मैदानावर एकदा उडालेली उंची इथे धरू नका.) दोन वर्षांत कुठवर जायचं आहे? आठवड्यातले किती दिवस तुम्ही स्वतः मांड टाकणार आहात? आणि अंतर चुकलं की तुमच्या हातून काय होतं: लगाम ओढून धरला जातो, की अंग पुढे टाकून घोड्याला एकटं सोडलं जातं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या, कारण घोडा त्याच चुकीसाठी निवडायचा आहे.

घोड्याची कुवत तुमच्या फेरीच्या उंचीपेक्षा वीस-तीस सेंटिमीटर जास्त असावी. १.१० मीटरच्या फेऱ्या करणाऱ्याला १.३० मीटर सहज उडणारा घोडा पुरतो. टेकऑफला, म्हणजे उडीसाठी जमीन सोडताना, पाऊण मीटर चूक झाली तरी त्याच्याकडे वाचवायला ताकद शिल्लक असते. पण १.५० मीटरचा घोडा १.१० च्या स्वाराने घेऊ नये. त्या पातळीच्या घोड्याचं पाऊल मोठं असतं, पाठीचा झटका जोरदार असतो, टाचेचा नुसता स्पर्श त्याला पुरतो. उडीवर मांड सुटली की स्वाराचा हात लगामावर लटकतो, घोड्याच्या तोंडाला मार बसतो, आणि अशा पंधरा-वीस धक्क्यांनंतर घोडा उडायचं नाकारायला लागतो.

वजनाचाही विचार हवा. खोगिरासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास असलं तर उत्तम, वीसच्या वर जाऊच नये. ५५० किलोच्या घोड्यासाठी पंधरा टक्के म्हणजे साधारण ८२ किलो.

खरेदीची रक्कम ठरवताना वर्षभराच्या चंदी-वैरणीचा, दर पाच-सहा आठवड्यांनी येणाऱ्या नालबंदाचा, लसी, दात, प्रशिक्षण आणि स्पर्धांच्या वाहतुकीचा खर्च आधी बाजूला काढा. अचानक येणाऱ्या पशुवैद्यकीय खर्चासाठीही काही शिल्लक ठेवा. उरेल तेवढ्यात घोडा घ्यायचा.

वय, उंची, वंश

चार ते सहा वर्षांचा घोडा कच्चा असतो. त्याच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, आणि त्याने आजवर उडलेल्या लहान उड्यांवरून पुढची उंची कळत नाही. असा घोडा अनुभवी स्वाराने, किंवा ज्याच्यासाठी प्रशिक्षक रोज घोड्यावर बसणार आहे त्यानेच घ्यावा. नवखा स्वार आणि नवखा घोडा ही जोडी दोघांनाही बिघडवते. सात-आठ वर्षांचा घोडा आशादायक दिसतो, पण त्याची किंमत बरीचशी त्याच्या भविष्यावर लावलेली असते. पहिल्या घोड्यासाठी नऊ ते तेरा हे वय सर्वांत रास्त. त्याची कामगिरी कागदावर दिसते, शरीर कामाला सरावलेलं असतं आणि पुढे काही चांगले हंगाम उरलेले असतात. चौदा ते सतरा वर्षांचा जाणता घोडा ९० सेंटिमीटर ते १.०० मीटरच्या स्वाराला कुठल्याही शिक्षकाइतकं शिकवतो. त्याचे सांधे सांभाळावे लागतील आणि पुढे विकताना फार हाती येणार नाही, हे मान्य करूनच तो घ्या.

कागद नसतील तर वय दातांवरून ताडतात. कायमचे समोरचे दात अडीच वर्षांच्या सुमारास, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला येतात. वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक उभी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, पंधराच्या सुमारास ती दाताच्या निम्म्यापर्यंत पोचते आणि विसाच्या आसपास पूर्ण लांबीभर उतरते. दहानंतर हा अंदाज ढोबळच धरायचा.

उंचीबद्दल उगाच आग्रह असतो. बहुतेक जंपिंग घोडे १६ ते १७ हँड, म्हणजे १६३ ते १७३ सेंटिमीटरचे असतात. पण १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पिएर द्युरांला वैयक्तिक सुवर्ण मिळवून देणारा जाप्लू जेमतेम १५८ सेंटिमीटरचा होता. १९६८ मध्ये मेक्सिकोत मॅरियन कोक्सने रौप्य मिळवलं तेव्हा तिच्याखाली स्ट्रोलर होता, आणि तो तर पोनीच होता. लहान घोडा चपळ वळतो, तुटक अंतरात लवकर सावरतो. फक्त लांब पल्ल्याच्या तिहेरी अडथळ्यात त्याला खरोखर लांब पाऊल टाकता येतं का, ते तपासा.

होल्स्टाइनर, हॅनोव्हेरियन, ओल्डेनबर्ग, डच केडब्ल्यूपीएन, बेल्जियन बीडब्ल्यूपी, सेल फ्रांसे, आयरिश स्पोर्ट हॉर्स हे जंपिंगमधले नेहमीचे वंश. वंश शक्यता सांगतो. म्हणून चार वर्षांच्या घोड्यात त्याला वजन द्या, दहा वर्षांच्या घोड्यात त्याच्या निकालांना. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फार्गिसला दोन सुवर्णं मिळवून देणारी टच ऑफ क्लास ही शर्यतीच्या मैदानावरून आलेली थरोब्रेड घोडी होती. शर्यतीतून आलेला घोडा स्वस्त मिळतो, पण त्याला धावायचं तेवढं माहीत असतं. त्याला पाठ सैल सोडून गोल कॅन्टर करायला शिकवण्यात वर्ष जातं, आणि पायाच्या कंडरांचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचं) अल्ट्रासाऊंड अशा घोड्यात कधीही टाळू नये.

घोडी, खच्ची घोडा की खच्ची न केलेला नर? खच्ची घोडा रोज सारखा वागतो. चांगली घोडी जीव तोडून काम करते, पण ती माजावर असताना कशी वागते हे विचारून घ्या. नर मात्र ज्याच्याकडे वेगळं ठाण, वेगळं कुरण आणि सरावलेला मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) आहे त्यानेच घ्यावा.

फोन आणि व्हिडिओ

प्रत्यक्ष जाण्याआधी अर्ध्याहून अधिक घोडे इथेच गळायला हवेत. विक्रेत्याला थेट विचारा: घोडा का विकायचा आहे? गेल्या बारा महिन्यांत किती दिवस कामाबाहेर होता, कशामुळे? सांध्यांत इंजेक्शनं दिली आहेत का, कुठल्या सांध्यात, शेवटचं कधी? पोटशूळ, शस्त्रक्रिया, पोटातले व्रण? ट्रेलरमध्ये चढतो का? एकटा राहतो का? नाल ठोकताना उभा राहतो का? उत्तरं लेखी, निदान मेसेजवर घ्या. नंतर वाद झाला तर तीच कामाला येतात.

व्हिडिओ एकसलग, न कापलेला मागा. त्यात दोन्ही बाजूंचा ट्रॉट (दुडकी चाल) आणि कॅन्टर हवा, आणि एक स्पर्धेची पूर्ण फेरी हवी, घंटेपासून बाहेर पडेपर्यंत. नुसत्या उड्या जोडलेल्या तुकड्यांवरून काहीही ठरवू नका. फेरीचे निकाल स्वतः शोधा. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या संकेतस्थळावर त्यांच्याकडे नोंदवलेल्या घोड्यांचे निकाल उघड असतात, आणि बऱ्याच राष्ट्रीय संघटनाही निकाल प्रसिद्ध करतात. तिथे निर्दोष फेऱ्या मोजण्याआधी रिकाम्या जागा शोधा. मार्च ते ऑक्टोबर एकही स्पर्धा नाही, तर त्या काळात काय झालं? उंची १.३० वरून अचानक १.०० वर का आली? गेल्या वर्षभरात तीन वेगळे स्वार का बसले? प्रत्येक खिंडाराला साधं कारण असू शकतं, पण ते कारण विक्रेत्याने तुमच्या प्रश्नानंतर लगेच, न अडखळता सांगितलं पाहिजे.

निकाल वाचताना दोषांचा प्रकारही बघा. आंतरराष्ट्रीय नियमांत पडलेल्या दांडीला चार दोष, पहिल्यांदा अडण्यालाही चार. दुसऱ्यांदा अडला की फेरीतून बाद. कागदावर दांडी आणि अडणं सारखं दिसतं, पण खरेदीत त्यांची किंमत सारखी नाही. फेरीत एक दांडी पाडणारा घोडा कामाने सुधारतो. अडायला शिकलेला घोडा ते विसरत नाही. वर्षभर शांत राहून तो एखाद्या स्पर्धेच्या मैदानात पुन्हा अडतो.

ठाणावर

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, आणि घोडा ठाणातच, न खरारलेला, न खोगीर घातलेला बघायचा आहे हे आधीच सांगून ठेवा. पाठीवर खोगिराच्या जागी ओल किंवा तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) घाम असेल तर तुमच्या येण्याआधी त्याला दमवलेलं आहे. पायांना पट्ट्या असतील तर काढायला लावा आणि हाताने गुडघ्याखालची नळीची हाडं, त्यांमागच्या कंडरा दोन्ही पायांची तुलना करत चाचपा. एका पायात ऊब आणि सूज असेल तर तो दिवस तिथेच संपवलेला बरा.

ठाणाच्या कडा कुरतडलेल्या असतील, समोरच्या दातांची पुढची धार झिजलेली असेल, गळ्यावर पट्ट्याची खूण असेल तर घोडा लाकूड पकडून हवा गिळतो. दारातून मान बाहेर काढून डोलतो का, ठाणात चक्कर मारल्याने जमिनीत वाट पडली आहे का, तेही बघा. या खोडी असलेले घोडे उत्तम उडतात, म्हणून त्या एकट्याने नकार ठरवत नाहीत. पण हवा गिळणाऱ्याला पोटशूळाचा धोका जास्त असतो, काही तबेले असा घोडा घेत नाहीत, आणि पुढे विकताना अडचण येते. किंमत त्या हिशेबाने उतरली पाहिजे.

खरारा, लगाम आणि तंग मोतद्दाराकडून तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. तंग कसताना चावायला धावणारा किंवा कान मागे टाकणारा घोडा पाठीचं नाहीतर पोटाचं दुखणं सांगत असतो. तोंडात कुठलं बिट, कुठलं मार्टिंगेल (डोकं फार वर जाऊ न देणारा पट्टा) आहे ते बघा आणि घोडा रोज त्यातच चालतो का, ते विचारा.

बांधणी

घोडा सपाट, कडक जागेवर चारही पायांवर चौकोनी उभा करा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. खांदा तिरका हवा, म्हणजे पुढचा पाय उडीत वर यायला जागा मिळते. उभट खांद्याचा घोडा गुडघे खाली सोडतो. पुठ्ठा भरदार आणि लांब, हॉक, म्हणजे मागच्या पायाचा मधला सांधा, रुंद आणि कोरडा, नळीचं हाड आखूड. फेटलॉकखालचा (नळीच्या हाडाखालच्या सांध्याखालचा) भाग फार लांब आणि लवचीक असेल तर चाल मऊ लागते, पण उतरताना सगळा भार पायामागच्या लिगामेंटवर (हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्टीवर) येतो. बाजूने बघितल्यावर गुडघा मागे वाकलेला दिसत असेल तर जंपिंगसाठी ते खरं वैगुण्य आहे. गुडघा थोडा पुढे असला तर इतकं बिघडत नाही.

मग खूर. पुढचे दोन खूर एकाच मापाचे हवेत. एक अरुंद आणि उभा, दुसरा रुंद आणि पसरट असेल तर घोडा बराच काळ एका पायावर कमी भार देत असावा. खुरावरच्या आडव्या कड्या टाचेकडे जाताना एकमेकींपासून दूर पांगत असतील तर खुराला पूर्वी दाहाचा त्रास झालेला असू शकतो. टाच चेपलेली आणि खुराचं पुढचं टोक लांब गेलेलं असेल तर नालबंदाला वर्षभराचं काम आहे, आणि त्या काळात कंडरांवर ताण राहणार.

बांधणीत प्रत्येक घोड्यात काहीतरी सापडतंच. दहा वर्षं उंच उडून पाय स्वच्छ राहिले असतील तर थोड्या वाकड्या पायाला त्याने स्वतःच उत्तर दिलेलं आहे. चार वर्षांच्या घोड्यात मात्र तेच वैगुण्य अजून परीक्षेला बसायचं असतं.

घोड्यावर बसून

आधी मालकाचा स्वार बसेल, मग तुमचा प्रशिक्षक, मग तुम्ही. विक्रेत्याकडचा स्वार बसायला तयार नसेल, तर तुम्हीही बसू नका. पूर्ण चाचणीचा व्हिडिओ घ्या.

कॅन्टर बघताना तीन ठोके स्पष्ट ऐकू यायला हवेत. एक, दोन, तीन, आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. थकलेला किंवा दुखरा घोडा चार ठोके वाजवायला लागतो. लांब बाजूवर सहा पावलं लांबवायला सांगा, मग सहा आखडायला. लांबवताना डोकं खाली घालून तो लगामावर पडतो का? आखडताना ट्रॉटमध्ये कोसळतो का, की मागचे पाय पोटाखाली घेऊन ठोका तसाच ठेवतो? ठोका ठेवून आखडणारा घोडा म्हणजे जंपिंगचा अर्धा घोडा हातात आला. दोन्ही बाजूंना वीस मीटरचं वर्तुळ घ्या. एका बाजूला तो सतत आत पडत असेल किंवा मागून आडवा जात असेल तर ती बाजू लक्षात ठेवा आणि पशुवैद्याला सांगा.

उड्या या क्रमाने करा:

१. जमिनीवर ठेवलेला पोल, वॉक आणि ट्रॉटमध्ये. त्याला बघून घाई करणारा घोडा पुढे सगळीकडे घाई करेल.

२. ५० ते ६० सेंटिमीटरचा क्रॉस (फुलीसारख्या दोन दांड्या), ट्रॉटमधून, अडथळ्याआधी सुमारे २.७ मीटरवर एक पोल ठेवून. इथे गुडघे कसे उचलतो ते कळतं. दोन्ही पुढचे पाय सारखे आणि आडव्या रेषेच्या वर हवेत. एक पाय लोंबत असेल तर तीनदा बघा. तो प्रत्येक वेळी तोच पाय आहे का?

३. व्हर्टिकल (रुंदी नसलेला उभा अडथळा), मग ऑक्सर, कॅन्टरमधून, तुमच्या रोजच्या उंचीपेक्षा वीस सेंटिमीटर कमीवर सुरुवात. ऑक्सरवर मान खाली आणि पुढे जाऊन पाठ कमानीसारखी वर येते का? मागचे पाय उघडून मागे फेकतो, की घट्ट धरून ओढतो? उतरल्यावर पहिलं पाऊल कॅन्टरचंच असतं, की अडखळतं?

४. दोन अडथळे, मधे १८.३ मीटर. साधं गणित असं: नेहमीचं कॅन्टरचं पाऊल ३.६६ मीटर धरतात, उतरणं आणि टेकऑफ मिळून एक पाऊल, म्हणून हे अंतर चार पावलांचं. एकदा चार पावलांत जा. मग त्याच अंतरात पाच. पाच पावलांसाठी घोड्याने सुमारे तीन मीटरचं पाऊल टाकलं पाहिजे, म्हणजे तो तुमचं ऐकून थांबतो की नाही हे उघड होतं. हीच चाचणी सर्वांत जास्त सांगते, आणि हीच बहुतेक जण गाळतात.

५. दुहेरी अडथळा, एका पावलाचा. लांबी ७.३ ते ७.६ मीटर.

६. शेवटी नवं काहीतरी. अडथळ्याखाली पाण्याचा ट्रे, एखादी रंगीत फळी, अंगावरचं जाकीट काढून कठड्यावर टाकलेलं. कुठलाही घोडा बघेल. बघून, कान टवकारून, टाचेचा आधार मिळताच पुढे जाणारा घोडा तुम्हाला हवा.

सगळ्या मिळून पंधरा-वीस उड्या पुरेत. त्याहून जास्त मागणारा खरेदीदार घोड्याच्या पायांवर स्वतःच्या शंका मिटवत असतो.

या चाचणीत एकदा तरी अंतर चुकेल. चुकू द्या. टेकऑफ फार जवळ आला तर तो स्वतः मागे झुकून वर उठतो का? फार लांब राहिला तर धीराने झेप घेतो, की अर्धं पाऊल जास्त घुसवून सुटका करतो? दोन्ही उत्तरं चालतात. थांबणं किंवा बाजूने निसटणं चालत नाही.

दांडीला अतिशय जपणारा घोडा स्पर्धेत जिंकतो, म्हणून महाग असतो. दांडीला लागलेला खूर त्याला इतका खुपतो की पुढच्या वेळी हातभर उंच जातो. पण तोच घोडा चार वेळा चुकीच्या अंतरावर आणला गेला की घाबरतो आणि अडतो. धाडसी, थोडा बेफिकीर, कधीकधी दांडी पाडणारा पण प्रत्येक वेळी पलीकडे नेणारा घोडा १.१० मीटरपर्यंतच्या स्वारासाठी कितीतरी चांगला. जिंकण्याची इच्छा सगळ्यांना असते, पण पहिली दोन वर्षं तुम्हाला फेऱ्या पूर्ण करायच्या आहेत.

आणि एक इशारा. घरच्या मैदानावर दांडीपेक्षा फार उंच, तणावाखाली उडणारा, उडीआधी डोळे मोठे करणारा घोडा दिसला तर पुढच्या पायांच्या नळीवर आणि खुराच्या वरच्या कडेला हात फिरवा. नुसत्या स्पर्शानेही तो झटका देत असेल तर दांडीने मारून किंवा त्वचा चिडवून त्याला असं उडायला लावलेलं असू शकतं. हे क्रूर आहे आणि एफईआयच्या नियमांत निषिद्ध आहे. असा घोडा दुसऱ्या मैदानावर, दोन आठवड्यांनी, वेगळाच निघतो.

म्हणून दुसरी भेट घ्याच, शक्य असेल तर दुसऱ्या ठिकाणी किंवा त्याच्या स्पर्धेच्या दिवशी. पहिल्या दिवशी दमवून किंवा शामक औषध देऊन शांत केलेला घोडा दुसऱ्या दिवशी तसाच राहत नाही.

पशुवैद्यकीय तपासणी

पशुवैद्य तुमचा हवा, विक्रेत्याचा नको, आणि खेळाच्या घोड्यांवर काम करणारा हवा. विक्रेत्याच्या डॉक्टरकडची जुनी नोंद मात्र मागून घ्या. त्यासाठी मालकाची लेखी परवानगी लागते. ती द्यायला नकार देणाऱ्या मालकाचा घोडा सोडून द्या.

पूर्ण तपासणी पाच टप्प्यांची असते: विश्रांतीत शरीर, हृदय, डोळे, तोंड, मग वॉक आणि ट्रॉटमध्ये हाताने चालवणं, मग स्वारासह कष्टाचं काम, मग विश्रांती, आणि पुन्हा ट्रॉट. विश्रांतीतल्या नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ असावेत. डोळे अंधाऱ्या जागेत बघायला लावा. मोतीबिंदूची सुरुवात किंवा जुन्या दाहाच्या खुणा असलेला घोडा अडथळ्याचं अंतर चुकवतो, आणि त्यासाठी त्याला अकारण मार बसतो. कष्टाच्या कामात श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर घशाची एन्डोस्कोपी हवी.

लंज दोरीवर (लांब दोरीला धरून वर्तुळात) घोडा कडक जमिनीवर आणि मऊ जमिनीवर, दोन्हीकडे फिरवायला सांगा. खुराचं किंवा हाडाचं दुखणं बहुधा कडक जमिनीवर उठून दिसतं, लिगामेंटचं मऊ जमिनीवर. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायाला पुठ्ठ्याची एक बाजू जास्त वर-खाली होते. सांधा सुमारे मिनिटभर वाकवून धरून लगेच ट्रॉट करवतात ती चाचणीही होईल. त्यात तीन-चार पावलं थोडा अवघडला तर लगेच घाबरू नका. काम केलेल्या घोड्यात तसं दिसतंच. एका बाजूला स्पष्ट जास्त असेल तर त्याच सांध्याचे एक्स-रे वाढवा.

एक्स-रेमध्ये निदान पुढचे खूर, चारही फेटलॉक, हॉक, मागचे गुडघे आणि पाठीचे मणके घ्या. पाठीवर एकमेकांना घासणारी मणक्यांची टोकं दिसली आणि घोडा पाठीला हात लावू देत नसेल तर जंपिंगला तो घेऊ नये. हॉकमध्ये किंवा मागच्या गुडघ्यात हाडाचा सुटा तुकडा दिसला तर तो कुठे आहे, सूज आहे का, लंगडणं आहे का, यावर सगळं अवलंबून. असे तुकडे अनेकदा तरुणपणीच दुर्बिणीने काढतात आणि घोडा आयुष्यभर उडतो. दहा वर्षांच्या घोड्याचा एक्स-रे कोराकरकरीत नसतो, म्हणून पशुवैद्याला पास की नापास असं विचारू नका. विचारा: "माझ्या उंचीच्या कामासाठी, पुढच्या तीन-चार वर्षांत, हे किती धोक्याचं?"

रक्ताचा नमुना त्याच दिवशी घेऊन प्रयोगशाळेत जपून ठेवायला लावा. बऱ्याच ठिकाणी तो सुमारे सहा महिने ठेवतात. नंतर घोडा अचानक लंगडला किंवा उधळायला लागला तर त्या नमुन्यात वेदनाशामक किंवा शामक औषध होतं का, हे कळतं. आणि विमा काढणार असाल तर लक्षात ठेवा, अहवालात लिहिलेलं प्रत्येक दुखणं विमा कंपनी बहुधा वगळते.

कागद आणि पैसा

पासपोर्टमधला पंधरा आकडी मायक्रोचिप क्रमांक चिप वाचणाऱ्या यंत्राने मानेवर प्रत्यक्ष तपासा. कित्येक देशांत पासपोर्ट ओळख सांगतो, मालकी नाही, म्हणून मालकीचा स्वतंत्र पुरावा हवा. लसीकरणाच्या नोंदीत इन्फ्लुएंझाच्या मात्रांमध्ये मोठा खंड असेल तर स्पर्धेआधी पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते.

करारात घोड्याचं नाव, चिप, किंमत, अनामत रक्कम आणि ती कधी परत मिळेल, तपासणीवर अवलंबून असलेली अट, विक्रेत्याने सांगितलेली दुखणी आणि खोडी, ताबा मिळण्याची तारीख आणि त्या क्षणापासून जोखीम कुणाची, इतकं असावं. मध्यस्थ असेल तर तो कुणाकडून किती कमिशन घेतो ते दोन्ही पक्षांना लेखी कळवलेलं असावं. तुमचाच प्रशिक्षक विक्रेत्याकडून गुपचूप पैसे घेत असेल तर त्याच्या सल्ल्याला किंमत उरत नाही. घोडा ट्रायलवर घरी नेणार असाल तर त्या दिवसांचा विमा आधी काढा.

आणल्यावर

पहिले दोन-तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून वेगळं ठेवा आणि रोज ताप बघा. जुन्या तबेल्यातली वैरण थोडी सोबत आणा आणि दहा-बारा दिवसांत हळूहळू नवीन वैरणीवर आणा. बिट, नाल आणि कामाचे तास लगेच बदलू नका. नव्या जागी घोडा सुरुवातीला फार शांत वागतो. सहा-आठ आठवड्यांनी, तुमच्या सवयी कळल्यावर, तो खरा दिसायला लागतो. त्या काळात एखादी दांडी, एखादं अडणं आलं तर घोडा चुकीचा घेतला असं लगेच ठरवू नका. प्रशिक्षकाला दोन-तीन दिवस बसवा आणि खोगीर त्याच्या पाठीला बसतं का ते तपासा.

पहिली स्पर्धा तुमच्या नेहमीच्या उंचीपेक्षा वीस ते तीस सेंटिमीटर खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, काम सुरू करण्याआधी, घोडा कडक जमिनीवर हाताने ट्रॉट करवून बघा आणि चारही पाय चाचपा. कुठेच ऊब नसेल आणि ठोका सारखा असेल तर पुढच्या आठवड्यात उंची दहा सेंटिमीटर वाढवायला हरकत नाही.